न जाळलेले कागद

२७ जून १९५१ ला पूर्व जर्मनीतल्या वुस्ट्रो नावाच्या गावात एका आजीचा वाढदिवस होता. बाल्टिक समुद्राच्या काठचं हे खलाशांचं गाव. आजीचा मुलगा जहाजावर कप्तान होता आणि रोस्टॉकहून आईला भेटायला आला होता. त्या दिवशी त्याला तिथून उचललं आणि तो घरी परतलाच नाही. कुठे नेलं, कोणी नेलं, जिवंत आहे की नाही, काही कळेना. बायको सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली. तोंड उघडायला कोणी तयार नव्हतं. थोरला मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याचं नाव योआखिम गाउक.

वडील सैबेरियातल्या छावणीत आहेत हे घरच्यांना कळायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. सोव्हिएत लष्करी न्यायालयाने त्यांना दोनदा पंचवीस-पंचवीस वर्षांची शिक्षा ठोठावली होती. पश्चिम जर्मनीतून एक पत्र आलं म्हणून हेरगिरी आणि नौकानयनावरचं एक पाश्चात्त्य मासिक घरात सापडलं म्हणून सोव्हिएतविरोधी प्रचार, असे दोन गुन्हे. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर आडेनाउअर मॉस्कोला गेले, उरलेल्या जर्मन कैद्यांच्या सुटकेचा करार झाला आणि त्या लाटेत हा माणूस घरी आला. हाडांचा सापळा होऊन.

हा मुलगा पुढे पाळक झाला, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळीचा धर्मगुरू. एकवीस-बावीस वर्षं साम्यवादी पूर्व जर्मनीत त्याने उपदेश केले आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी तो एकत्रित जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष झाला. बर्लिनच्या बेलव्ह्यू राजवाड्यातल्या त्या पाच वर्षांवर जर्मन वर्तमानपत्रांनी भरपूर लिहिलं आहे. माझं मन मात्र त्याआधीच्या, १९९० ते २००० या दहा वर्षांत गुंतलेलं आहे. गुप्त पोलिसांच्या फायली जाळायच्या की उघडायच्या हा प्रश्न एका देशासमोर उभा राहिला, तेव्हा एका पाळकाने 'उघडा' म्हटलं आणि ते करून दाखवलं. माझ्या लेखी त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तेच.

हॅम्बुर्गला राहायला आल्यावर रोस्टॉक मला जवळच झालं. तिथल्या सेंट मेरीच्या चर्चमध्ये वेदीच्या मागे १४७२ सालचं खगोलीय घड्याळ आहे. पाचशे वर्षांपूर्वीची यंत्रणा अजून चालू आहे, रोज किल्ली द्यावी लागते. तारीख, चंद्राच्या कला, राशी, सगळं ते दाखवतं. दिनदर्शिकेची जुनी तबकडी २०१७ पर्यंतची होती, ती संपल्यावर नवी बसवली. लाल विटांचं हे चर्च प्रचंड मोठं आहे. १९८९ च्या शरदात दर गुरुवारी ते माणसांनी भरून जायचं आणि गाउक तिथे बोलायचे. मग लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरायचे आणि गुप्त पोलिसांच्या इमारतीवरून चालत जायचे.

पण त्या गुरुवारांपर्यंतचा रस्ता लांबचा होता आणि तो फार साध्या जागांवरून गेला.

गाउक यांना पाळक व्हायचंच नव्हतं. पत्रकार व्हावं, जर्मन भाषा शिकावी अशी इच्छा होती. पण साम्यवादी पक्षाच्या युवक संघटनेत ते गेले नव्हते. वडिलांना नेलेल्या राजवटीशी जवळीक करायची नाही हा घरातला न लिहिलेला नियम होता, आणि संघटनेबाहेरच्या मुलाला पत्रकारितेचं दार बंद होतं. धर्मशास्त्र हा एकच विषय पक्षाच्या ताब्याबाहेर उरला होता, म्हणून तो घेतला. श्रद्धा नंतर, काम करता करता पक्की होत गेली. मला हे फार खरं वाटतं. दुसरीकडे जागाच नाही म्हणून माणूस एखाद्या ठिकाणी शिरतो आणि मग तीच जागा त्याला घडवते.

आधी ल्युसो नावाच्या खेड्यात चार वर्षं काढली. मग १९७१ पासून रोस्टॉकच्या एव्हर्सहागेन भागात. हा भाग नव्याने उभा राहत होता. काँक्रीटच्या तयार भिंती क्रेनने उचलून जोडलेल्या, एकसारख्या इमारती, हजारो कुटुंबं, आणि त्यात चर्चला जागाच नाही. नव्या समाजवादी माणसाला देवाची गरज पडणार नाही, असा आराखडा काढणाऱ्यांचा हिशोब होता. गाउक जिने चढायचे, एकेका दाराची घंटा वाजवायचे आणि इथे कोणी ख्रिस्ती राहतं का, असं विचारायचे. काही दारं तोंडावर बंद व्हायची. काही किलकिली व्हायची. शेजारी बघत नाहीत ना याची खात्री करून एखादी बाई आत घ्यायची. अशी दारोदार फिरून त्यांनी मंडळी जमवली.

त्या मंडळीतल्या पोरांपुढे रोजचा पेच काय होता, हे आपल्याला इथून नीट समजणार नाही. चौदाव्या वर्षी सरकारी दीक्षाविधी घ्यायचा, राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायची, की चर्चमधला तसाच विधी, दृढीकरण, घ्यायचा? चर्च निवडलंस तर पुढे बारावीला प्रवेश मिळेलच असं नाही, विद्यापीठ तर दूरच. गुण कितीही असोत. पाळकाने मुलांना काय सांगायचं? धैर्याने राहा म्हणायचं, तर त्याची किंमत ते मूल मोजणार, आपण नाही. गाउक यांच्या स्वतःच्या मुलांनीही ती मोजली. देश सोडू नका, इथेच राहा, इथे बदल घडवा, असं ते आपल्या लोकांना सांगत असत. आणि त्यांचेच दोन मुलगे देश सोडण्याचा अर्ज करून तीन वर्षं थांबले आणि १९८७ च्या अखेरीस रोस्टॉकच्या स्थानकावरून पश्चिमेला निघून गेले. पुढे एक मुलगीही गेली. मुलांना निरोप देताना आपण किती कोरडे वागलो, दुःख कसं आत दाबून टाकलं, याबद्दल त्यांनी नंतर स्वतःच लिहिलं आहे.

गुप्त पोलिसांनी, म्हणजे श्टासीने, त्यांच्यावर फाईल उघडली होतीच. सांकेतिक नाव होतं 'लार्वे', म्हणजे अळी. उपदेशात काय बोलले, कोण भेटायला आलं, पत्रांत काय होतं, सगळं त्यात जमा होत गेलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. गाउक तुरुंगात गेले नाहीत. चेकोस्लोव्हाकियात राजवटीविरुद्ध उभे राहिलेले नाटककार हावेल यांनी जे सोसलं, ते त्यांच्या वाट्याला आलं नाही. पूर्व जर्मनीतल्या जुन्या विरोधकांपैकी काहींना ते शेवटच्या क्षणी येऊन पुढे उभे राहिलेले वाटत. चर्चचा मोठा मेळावा भरवायचा तर त्यांना अधिकाऱ्यांशी बोलावं लागे, श्टासीच्या माणसाशीही, आणि त्यावरून पुढे त्यांच्यावर आरोप झाले, प्रकरणं कोर्टात गेली. मला त्यात फसवणूक दिसत नाही. हजार लोकांची मंडळी सांभाळणारा माणूस आणि एकटा लढणारा लेखक यांची जोखीम वेगवेगळी असते. बंडखोर हा शब्द त्यांना लावायचा तर मी तो या अर्थाने लावते की त्यांनी चाळीस वर्षं एका खोट्याला हो म्हटलं नाही, आणि वेळ आली तेव्हा मंचावर चढले.

वेळ आली ती झपाट्याने आली. ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत पडली. श्टासीच्या कचेऱ्यांच्या धुराड्यांतून धूर येऊ लागला, कागद नष्ट होतायत हे लोकांच्या लक्षात आलं. ४ डिसेंबरला एअरफुर्टमध्ये आणि त्याच संध्याकाळी रोस्टॉकमध्ये साध्या नागरिकांनी या इमारतींचा ताबा घेतला. १५ जानेवारी १९९० ला बर्लिनमधलं मुख्यालयही लोकांनी गाठलं. कागद फाडायची यंत्रं कमी पडली, तेव्हा श्टासीची माणसं हातांनी फाडत बसली होती. त्या तुकड्यांची सुमारे सोळा हजार पोती मिळाली. जे फाडायचं राहिलं ते एकापुढे एक लावलं तर १११ किलोमीटर भरतं. पुण्याहून साताऱ्याला जाताना रस्त्याच्या कडेला अखंड फायलींची रांग लागली आहे असं मनात आणा. दीड-पावणेदोन कोटींच्या देशात श्टासीचे पगारी नोकर ९१ हजार होते, आणि त्याहून कितीतरी जास्त खबरे. खबरे म्हणजे शेजारी, सहकारी, डॉक्टर, वर्गमित्र, कधी कधी पाळकही.

१८ मार्च १९९० ला पूर्व जर्मनीत पहिली आणि शेवटची मुक्त निवडणूक झाली. गाउक संसदेत निवडून गेले आणि श्टासी मोडीत काढण्यावर देखरेख करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. मग हा प्रश्न टेबलावर आला की या कागदांचं करायचं काय?

बॉनमधल्या पश्चिम जर्मन सरकारला ते बंद करून ठेवायचे होते. पश्चिमेतल्या पुढाऱ्यांची टेलिफोनवरची बोलणीही श्टासीने टिपली होती, ही एक गोष्ट. दुसरी, आणि जास्त प्रामाणिक, भीती अशी की लोक एकमेकांच्या जिवावर उठतील. कोणी कोणाची खबर दिली हे कळलं तर गल्लोगल्ली सूड घेतले जातील. विटेनबर्गचे पाळक फ्रीडरिश शोर्लेमर यांनी तर या फायलींची होळी करावी असं सुचवलं. शोर्लेमर साधासुधा माणूस नव्हता. १९८३ मध्ये, मार्टिन ल्यूथरच्याच गावात, मोठ्या जमावासमोर त्यांनी लोहाराकरवी तलवार ठोकून तिचा नांगराचा फाळ करवला होता, आणि त्यासाठी श्टासी हात धुऊन त्यांच्या मागे लागली होती. त्यांना कोणाला वाचवायचं नव्हतं. या विषाने आपलं नवं आयुष्य नासू नये एवढंच त्यांना हवं होतं.

दोन पाळक, एकच बायबल, एकाच राजवटीचा जाच, आणि दोन उलट उत्तरं. मी यावर खूप विचार केला आहे. शोर्लेमर यांचं म्हणणं ऐकलं की वाटतं, क्षमा हा धर्माचा गाभा असेल तर हेच बरोबर. पण क्षमा करायची कोणी? ज्याचं नुकसान झालं त्याने. त्याला काय झालं, कोणी केलं, हेच माहीत नसेल तर तो कशाची क्षमा करणार? सरकारने कपाट जाळून टाकलं तर ती क्षमा होत नाही, ते हक्क काढून घेणं होतं. गाउक यांची भूमिका साधारण हीच होती. राज्यकर्त्यांनी लोकांविरुद्ध जमवलेलं ज्ञान लोकांच्या हाती यावं. त्यानंतर माफ करायचं की नाही, बोलायचं की तोंड फिरवायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. चर्चमध्येही आधी कबुली आणि मग क्षमा हाच क्रम आहे.

ऑगस्ट १९९० मध्ये पूर्व जर्मनीच्या संसदेने फायली उघडण्याचा कायदा केला. एकत्रीकरणाच्या करारात तो गळून पडायची वेळ आली, तेव्हा नागरी चळवळीतल्या लोकांनी सप्टेंबरमध्ये श्टासीच्या मुख्यालयातच ठाण मांडलं आणि उपोषण केलं. शेवटी करारात जोड द्यावी लागली. ३ ऑक्टोबरला देश एक झाला आणि त्याच दिवशी गाउक या कागदांचे विशेष प्रतिनिधी झाले. हाताशी मोजकी माणसं, ना कसला नमुना, ना आधीचं उदाहरण. जगात कुठल्याच देशाने आपल्या गुप्त पोलिसांचं दप्तर असं नागरिकांपुढे मांडलं नव्हतं. १९९१ च्या डिसेंबरअखेर पूर्ण कायदा लागू झाला आणि २ जानेवारी १९९२ ला पहिली माणसं वाचनकक्षात बसून स्वतःची फाईल चाळू लागली.

पद्धत अशी की अर्ज करायचा, थांबायचं, मग बोलावणं येतं. पानं आधी तपासलेली असतात. तुमच्यासारख्याच इतर पीडितांची नावं काळ्या पट्ट्यांखाली झाकलेली असतात. खबऱ्याचं मात्र टोपणनाव दिसतं, आणि वेगळा अर्ज केला तर त्यामागचं खरं नावही मिळतं. ते मागायचं की नाही हे तुमच्यावर सोडलेलं असतं.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंनी मला आपल्या फाईलच्या काही छायाप्रती दाखवल्या होत्या. टंकलेखन यंत्रावरची अक्षरं, मार्जिनमध्ये कोणाची तरी पेन्सिलची खूण. अमुक वाजता घरातून निघाल्या, हातात निळी जाळीची पिशवी, बेकरीपुढे थांबल्या, एका पुरुषाशी तीन मिनिटं बोलल्या. तो पुरुष त्यांचा भाऊ होता. सगळ्यात क्षुल्लक मजकुरावर त्यांचं बोट थांबलं. चर्चच्या गायनवर्गानंतर चहा पिताना त्या काहीतरी पुटपुटल्या होत्या, ते शब्दशः तिथे होतं. टेबलाभोवती त्या दिवशी चौघीच होत्या. त्यांनी खरं नाव मागवलं का, हे मी विचारलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की उरलेल्या दोघींवर इतकी वर्षं उगाच संशय घेतला, तो तरी संपला. त्यावरून उत्तर मला कळलंच.

हा फायदा आधी कोणाच्या ध्यानात आला नव्हता. फायली बंद राहिल्या असत्या तर संशय सगळ्यांवर राहिला असता. उघडल्यामुळे बहुतेक माणसं निर्दोष ठरली.

रक्तपात झाला नाही. घरं मात्र मोडली. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण वेरा वोलेनबर्गर यांचं. शांतता चळवळीतल्या या कार्यकर्तीला अटक झाली, देशाबाहेर जावं लागलं, आणि फाईल उघडली तेव्हा कळलं की 'डोनाल्ड' नावाचा खबऱ्या म्हणजे त्यांचाच नवरा, त्यांच्या मुलांचा बाप. घटस्फोट झाला. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने पत्र लिहून माफी मागितली आणि तिने ती दिली. कागद जाळले असते तर ते लग्न कदाचित टिकलंही असतं. पण ते कशावर टिकलं असतं?

या कामात गाउक यांच्याकडून सगळं नीट झालं असंही नाही. फायली कुठे काय आहेत हे माहीत असणारी माणसं हवीत म्हणून सुरुवातीला काही माजी श्टासी कर्मचाऱ्यांनाच कार्यालयात ठेवून घेतलं, आणि ते वर्षानुवर्षं तिथे राहिले. ज्यांनी सोसलं त्यांना हे फार लागलं, आणि मला ते पटतं. आपली फाईल मागायला गेलेल्या माणसाला दारात जुन्या यंत्रणेचाच माणूस भेटू नये.

तरी दहा वर्षांत लाखो लोकांनी आपलं कागदी आयुष्य वाचलं, आणि आजवरच्या अर्जांची बेरीज तीस लाखांच्या वर गेली आहे. २००० मध्ये गाउक पायउतार झाले. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ते तिसऱ्या फेरीत क्रिस्टियान वुल्फ यांच्याकडून हरले. वुल्फ यांनी राजीनामा दिल्यावर २०१२ मध्ये गाउक १,२२८ वैध मतांपैकी ९९१ मतं मिळवून निवडून आले. तारीख पुन्हा १८ मार्चच होती. निवड झाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, 'किती सुंदर रविवार!' आणि मग ते बावीस वर्षांपूर्वीच्या रविवारबद्दल बोलले, पन्नास वर्षांचे झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मुक्तपणे मत दिलं त्याबद्दल. तेव्हाच्या चॅन्सलर अँगेला मेर्केल याही पूर्वेतच वाढलेल्या, एका पाळकाच्या कन्या.

राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी केलेल्या भाषणांपैकी काही मला पटत नाहीत, विशेषतः २०१४ मध्ये म्युनिकला जर्मनीने जगात जास्त जबाबदारी घ्यावी म्हणताना लष्करी मार्गाचाही उल्लेख केला ते. पण त्यांनी ज्या गावांना भेटी दिल्या, त्या मी विसरू शकत नाही. त्या समजून घ्यायच्या तर त्यांच्या घराकडे पुन्हा बघावं लागतं. वडील सैबेरियात गेलेले, हे खरं. पण आई १९३२ मध्ये आणि वडील १९३४ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले होते, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. एकाच घरात पीडितही आणि दोषाचे वाटेकरीही. स्वतःच्या घरातली फाईलही त्यांनी बंद ठेवली नाही.

सप्टेंबर २०१३ मध्ये ते फ्रान्समधल्या ओरादूरला गेले. १० जून १९४४ ला नाझी एसएसच्या तुकडीने इथे सहाशेहून अधिक माणसं मारली, बाया आणि मुलं चर्चमध्ये कोंडून. तोवर एकही जर्मन राष्ट्राध्यक्ष तिथे गेला नव्हता. त्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये ते फ्रेंच अध्यक्ष ओलांद आणि वाचलेल्या मोजक्यांपैकी एक, रोबेर एब्रास, यांचा हात धरून उभे राहिले.

मार्च २०१४ मध्ये ग्रीसमधल्या लिंगियादेस या डोंगरातल्या गावी गेले. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन सैनिकांनी तिथे ऐंशीहून अधिक लोक मारले होते, त्यात बहुतेक बाया, मुलं आणि म्हातारी माणसं. गाउक यांनी लाज आणि वेदना बोलून दाखवली आणि जर्मनीच्या वतीने क्षमा मागितली. शेजारी ग्रीसचे अध्यक्ष कारोलोस पापुलियास होते, तरुणपणी स्वतः जर्मनांविरुद्ध लढलेले. त्यांनी युद्धाच्या भरपाईचा विषय काढला. गाउक म्हणाले, माझ्या सरकारची कायदेशीर भूमिका आहे, त्याहून वेगळं मी बोलू शकत नाही. फायली उघडताना त्यांच्या पाठीशी कायदा होता. इथे तोच कायदा आडवा आला, आणि पाळकाची माफी राष्ट्राध्यक्षाच्या पदाशी येऊन थांबली.

ती थांबलेली राहू दिली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण पुढच्याच वर्षी मे महिन्यात, सरकारचा नकार कायम असताना, त्यांनी एका वर्तमानपत्राला सांगितलं की आपल्यासारख्या इतिहासाची जाण असलेल्या देशाने भरपाईच्या काय शक्यता आहेत त्या तपासून पाहाव्यात. सरकारने काही तपासलं नाही. ग्रीसची मागणी अजून उभीच आहे.